कर्ता निरंक

'कारकून' हा शब्द मराठीत फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ 'काम करणारा' असा आहे. ही व्युत्पत्ती सरकारी कार्यालयाबाहेरच्या बाकावर ताटकळलेल्या मंडळींना मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय नाही, म्हणून ती बहुधा कोशातच राहते. कालांतराने त्याच खुर्चीला 'लिपिक' म्हणजे लिहिणारा असे संस्कृत वळणाचे नाव मिळाले आणि जिल्हा परिषदेच्या आजच्या पदनामांत ती 'कनिष्ठ सहायक' झाली, म्हणजे करणाऱ्याचा लिहिणारा झाला, लिहिणाऱ्याचा मदतनीस झाला, आणि मदत नेमकी कोणाला करायची याबाबत पदनाम मौन बाळगून आहे. नामांतराची ही वाट जुनीच आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला त्या सुमारास सुरनीसाचा सचिव आणि मुजुमदाराचा अमात्य झाला; 1960 साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने पुढे पदनामांचा कोशच तयार केला; तरीही महसूल खात्यात 'अव्वल कारकून' अगदी अलीकडेपर्यंत आपल्या फारसी नावानिशी टिकून राहिला, आणि त्या 'अव्वल'चा त्याला थोडा ताठाही असावा असे मानण्यास जागा आहे.

या पदाच्या अभ्यासाला हिंगोली जिल्हा विशेष सोयीचा आहे, कारण तेथील गावांनी जागचे न हलता अनेक शिक्के पाहिले आहेत. सेनगावकडचे एखादे खेडे सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि त्याच्याविषयीचा वरचा पत्रव्यवहार उर्दूत चाले. 1956 साली ते मुंबई राज्यात आले, 1960 साली महाराष्ट्रात, 1961 च्या अधिनियमानुसार 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या तेव्हा परभणी जिल्हा परिषदेत, आणि 1 मे 1999 रोजी परभणीतून नवा जिल्हा निघाला तेव्हा हिंगोलीत. जिल्हा वेगळा निघतो तेव्हा भावकीतल्या वाटण्यांप्रमाणे दप्तराचीही वाटणी होते. फरक इतकाच की भावकीत प्रत्येकाला जास्त हवे असते, तर दप्तराच्या वाटणीत प्रत्येक बाजू विलक्षण उदार होते. शिवाय या जिल्ह्याच्या पाच तालुक्यांपैकी एक तालुका कागदावर वसमत आणि लोकांच्या तोंडी बसमत आहे. शाळेच्या दाखल्यावर बाबूराव आणि आधार कार्डावर बाबाराव असलेल्या अर्जदाराला 'सदर दोन्ही व्यक्ती एकच आहेत' असे प्रतिज्ञापत्र करून आणायला पिटाळणाऱ्या यंत्रणेने तालुक्याकडून मात्र तसे काही मागितलेले दिसत नाही, हा पक्षपात संशोधकांनी लक्षात घेण्याजोगा आहे.

ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद या तिन्ही पायऱ्यांवरून चढणारा-उतरणारा कागद सांभाळण्यासाठी जी व्यवस्था कनिष्ठ सहायकाला शिकवली जाते तिला 'सहा गठ्ठे पद्धत' म्हणतात. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके म्हणजे ठरावीक तारखांना पाठवायची विवरणे, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे कागद असे हे सहा गठ्ठे होत. बाकीचे चार गठ्ठे अभ्यासकाला फारसे काही देत नाहीत. खरी प्रतिभा पहिल्या आणि दुसऱ्या गठ्ठ्यांच्या मधल्या अरुंद जागेत कामाला येते. प्रलंबित म्हणजे जे आपल्याकडून व्हायचे राहिले आहे ते, आणि प्रतीक्षाधीन म्हणजे दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तराची वाट पाहत असल्यामुळे थांबलेले. यावरून कोणाही विचारी माणसाच्या ध्यानात येईल की पहिल्या गठ्ठ्यातला कागद दुसऱ्यात न्यायचा तर काम करण्याची गरज नाही, एक शंका काढली की पुरते. 'प्रस्तावासोबत परिशिष्ट ब जोडलेले दिसून येत नाही, तरी त्रुटीची पूर्तता करून प्रस्ताव फेरसादर करावा' एवढे एक पत्र जावक नोंदवहीत चढले की हिंगोलीतला भार वसमतला उतरतो. वसमतचा तितकाच तयार माणूस 'परिशिष्ट ब चा विहित नमुना उपलब्ध करून देण्याबाबत' उलट विचारणा करतो, आणि मग दोन्ही कार्यालयांत ते प्रकरण प्रतीक्षाधीन राहते. महिनाअखेरीस दोघेही आपापल्या प्रलंबित प्रकरणांच्या रकान्यात अत्यंत सचोटीने 'निरंक' लिहितात.

'निरंक' म्हणजे ज्यात अंक नाही ते. सांगण्यासारखे काहीही नाही हे सांगण्यासाठी वापरायचा हा शब्द होय. काही घडलेच नसेल तर कळवायचे कशाला, असा प्रश्न नवख्याला पडतो, आणि तो पडायचा थांबला की त्याचा परिवीक्षा काळ खऱ्या अर्थाने संपला असे समजावे. निरंक अहवालालाही विहित नमुना, अनुक्रमांक, एकूण, साहेबांची सही आणि जावक क्रमांक लागतो. तो वेळेत न आल्यास स्मरणपत्र येते, आणि 'काहीही घडलेले नाही' हे तातडीने न कळवल्याबद्दल खुलासा मागवला जातो. या बाबतीत जिल्ह्याला फार मोठी परंपरा लाभली आहे. नरसीच्या नामदेवांना औंढा नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर भेटले तेव्हा ते पिंडीवर पाय ठेवून पहुडले होते, आणि नामदेवांनी हरकत घेताच, देव नसेल अशा जागी माझे पाय उचलून ठेव, असे त्यांनी सांगितले, ही कथा सर्वश्रुत आहे. भाविकांना तीत अद्वैत दिसते. कार्यालयीन दृष्टीने पाहता ती स्थळपाहणीची सूचना होती, पाहणी तत्काळ झाली, 'देव नसलेल्या जागा' या रकान्यात निरंक भरले गेले, आणि सूचना देणाऱ्याला ते आधीपासून ठाऊक होते. म्हणजे प्रकरण सर्वांगांनी नियमानुसार होते. त्याच देवळाने नामदेवांच्या कीर्तनासाठी तोंड फिरवले असेही सांगतात, पण चतुःसीमा दुरुस्तीचा प्रस्ताव त्यानंतर कोणी दाखल केल्याचे ऐकिवात नाही.

तथापि या पदाचे सर्वांत नवलाचे अंग म्हणजे त्याची भाषा. 1964 च्या राजभाषा अधिनियमाने मराठी कार्यालयात आली ती आपला कर्ता बाहेर चपलांपाशी ठेवून आली असावी, कारण आत सर्व काही आपोआप घडते: 'निदर्शनास आले आहे', 'तपासून पाहण्यात आले', 'मान्यता देण्यात येत आहे', 'उपरोक्त संदर्भीय विषयान्वये कळविण्यात येते की'. ज्याच्या नावाचा अर्थच 'करणारा' आहे त्याने उभी हयात करणाऱ्याला गाळून लिहावे, यातला विनोद बहुधा फारसी जाणणारे लोक निवृत्त झाल्यामुळे कोणाच्या लक्षात आला नाही. स्थानिक निधी लेखापरीक्षेचे पथक आले की हरवलेल्या कर्त्याचा शोध सुरू होतो खरा, परंतु त्या शोधाचाही शेवट 'जबाबदारी निश्चित करण्यात यावी' या वाक्यात होतो, आणि ती कोणी निश्चित करायची हे वाक्य सांगत नाही.

प्रथम पुरुषी सर्वनामाला या व्यवहारात एकच दार उघडे आहे. पहिले, दुसरे आणि तिसरे स्मरणपत्र जाऊनही समोरचे कार्यालय हलले नाही की 'अर्धशासकीय पत्र' निघते; असे पत्र एका अधिकाऱ्याने दुसऱ्याला नावानिशी लिहायचे असते, त्याचा आरंभ 'प्रिय श्री.' असा होतो, आणि 'आपण व्यक्तिशः लक्ष घालाल अशी मी अपेक्षा करतो' अशा जिव्हाळ्याच्या वाक्यांत तो दुर्मीळ 'मी' प्रथमच कागदावर उमटतो. हा 'मी'ही अर्थात साहेबांचा असतो, आणि मसुदा कनिष्ठ सहायकाचा. दुसऱ्याचा राग, दुसऱ्याची आपुलकी आणि दुसऱ्याचा अहंकार इतक्या बेमालूमपणे लिहिणाऱ्या माणसाला इतरत्र नाटककार म्हटले गेले असते. येथे मसुद्यात 'व्यक्तिशः' दोनदा आल्याबद्दल त्याला तो पुन्हा टंकलिखित करावा लागतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये या सर्वांवर हळद चढते. वसमतची हळद नावाजलेली आहे. ती काढणे, शिजवणे, वाळवणे याच दिवसांत चालते, आणि नेमक्या त्याच दिवसांत कार्यालयात 'मार्चअखेर' म्हणजे निधी परत जाण्यापूर्वी देयके बाहेर काढण्याची घाईही शिजत असते. शिवारातून थेट पंचायत समितीत आलेल्या सिंचन विहिरीच्या अर्जावर डाव्या अंगठ्याच्या निळ्या निशाणीशेजारी, कागद जिथे चिमटीत धरला होता तिथे, दुसरा एक पिवळा अंगठा उमटलेला असतो. कोणत्याही नमुन्यात त्यासाठी रकाना नाही आणि त्याला साक्षांकनही लागत नाही. 'सायेब, माझी फाईल कुठवर आली?' या प्रश्नावर 'वर गेलीय, मामा' असे उत्तर मिळते, ज्यातले 'वर' ही दिशा आहे, पत्ता नव्हे. मात्र मामा जिना उतरून गेल्यावर त्या अर्जात राहिलेला गट क्रमांक सातबारावरून पाहून शिसपेन्सिलीने बारीक भरून ठेवला जातो, ही गोष्टही नोंदवली पाहिजे; ती कोणत्याही टिप्पणीत येत नाही, आणि आली असती तरी 'भरण्यात आला' अशीच आली असती.

अधिकाऱ्याची सही घेऊन पत्र बाहेर पडते तेव्हा मागे जी प्रत उरते तिला 'स्थळप्रत' म्हणतात, आणि टिप्पणीच्या व स्थळप्रतीच्या डाव्या कोपऱ्यात मसुदा करणाऱ्याची दोन अक्षरांची आद्याक्षरी व तारीख असते. पुष्कळदा ती नाव म्हणून वाचता येत नाही, नुसती झुरळाच्या मिशांसारखी दिसते. अभिलेखांच्या वर्गवारीत 'अ' वर्गाचे कागद कायम ठेवायचे असतात, 'ब' वर्गाचे 30 वर्षे, 'क' वर्गाचे 10 वर्षे, आणि 'ड' वर्गाचे वर्षभरात मोडीत काढायचे असतात. त्या हिशेबाने जिल्हा जन्मला त्या साली 'ब' वर्गात गेलेल्या स्थळप्रतींची मुदत 2029 साली पुरी होईल. नष्ट करण्यापूर्वी त्यांची यादी करावी लागते, यादीला मंजुरी घ्यावी लागते, आणि मंजुरीसाठी टिप्पणी ठेवावी लागते, जिच्या डाव्या कोपऱ्यात तेव्हाचा कोणी कनिष्ठ सहायक दोन अक्षरे काढून खाली तारीख घालेल.