भाऊ, अख्खीच न्या

मोटारसायकल जुनाट, खडखडती असली तरी मोटार वाहन कायदा तिच्या विम्यासाठी हात धुऊन मागे लागतो. दोन लाखांच्या कार्बन सायकलीला मात्र मोटार नाही, म्हणून कायद्याला तिची काळजीही नाही.

नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. आपण निदान फुटाळा तलावापर्यंत तरी जावं, म्हणून महागडी सायकल घेतली आणि विमा शोधत निघालो. सापडला तो घरविम्याच्या पॅकेजात, ‘पेडल सायकल’ या कलमात. अटी वाचनीय असतात. शर्यतीत वापरली तर भरपाई नाही. नुसते सुटे भाग चोरीला गेले तरी नाही; सायकलीसकट गेले तरच!

म्हणजे सीताबर्डीत दिवा काढणाऱ्या चोराला आपणच विनवायचं, “काहून अर्धवट काम करता भाऊ? अख्खीच न्या ना!”

तूर्तास सायकल तिसऱ्या मजल्यावर, दिवाणखान्यात, पंख्याखाली असते. पाहुणे आले की आम्ही गॅलरीत बसतो. विमा उतरवलेली स्कूटर खाली पावसात भिजते.