घाई आपली, घर आमचे

सन्माननीय वकीलसाहेबांस,
सा. न. वि. वि.

फ्लॅट आम्ही घेतोय आणि झोप आपली उडाली आहे, हे पाहून ऊर भरून आला. बिल्डरच्याच ऑफिसात खुर्ची टाकून बसलेला माणूस गिऱ्हाइकासाठी इतका तळमळतो, असे पुण्यात सहसा दिसत नाही.

करारनाम्याचा मसुदा घरी नेऊन वाचू का, असे विचारले तर आपण हसलात. "स्टँडर्ड फॉरमॅट आहे हो, सगळेच सह्या करतात!" महारेराने नमुना करारनामा ठरवून दिला आहे, हे खरेच. मग 'नकाशातील कोणत्याही बदलास खरेदीदाराची आगाऊ व कायमची संमती' हे कलम त्यात कुठून उगवले? नकाशात मोठा बदल करायचा तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती कायद्याने लागते. आपण तो त्रास आमच्या एका सहीत मिटवलात.

तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागितला, तर "मीच केलाय ना!" म्हणालात. परीक्षार्थीनेच पेपर तपासला की निकाल उत्तम लागतो. सात-बाराच्या इतर अधिकारांत बँकेचा बोजा दिसतो, तो आपल्या मते 'नुसता कागदावरचा'. जमीनही आम्हाला कागदावरच मिळणार आहे, साहेब.

"आज वीस टक्के भरा, उद्या दुसरी पार्टी येतेय, नोंदणी होईल सावकाश," असेही आपण बजावलेत. 2016च्या रेरा कायद्याचे कलम 13 सांगते की करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरने दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ नये. आपल्या अशिलाच्या हातून कायदा मोडू नये, केवळ या काळजीपोटी आम्ही चेकबुक घरीच ठेवले.

'सगळा खर्च मिळून' सांगितलेल्या आकड्यात मुद्रांक शुल्क किती, नोंदणी फी किती आणि आपली फी किती, हे विचारताच आपण चहा मागवलात. चहा छान होता. आता हिशेबही लेखी पाठवावा. सोबत मसुदा, फेरफार आणि बँकेचा ना हरकत दाखला जोडावा. आमचे वकील ते वाचतील. सहीचे मग बघू.

कळावे,
एक सावकाश खरेदीदार

ता. क. : हे पत्र वाचणाऱ्या इतर खरेदीदारांना विनंती, बिल्डरचा वकील कितीही गोड बोलला तरी तो बिल्डरचाच. स्वतःचा वकील नेमा आणि त्याने मसुदा वाचल्याशिवाय सही करू नका.