पिकअपच्या चाकांचे अतिक्रमण व त्याचे निवारण

आपल्या पिकअपला कंपनीने बसवून दिलेल्या टायरांपेक्षा मोठे टायर चढविण्याची वासना ज्या गृहस्थाच्या मनात एकदा उद्भवली, त्यास तीपासून परावृत्त करण्याचे सामर्थ्य ना शास्त्रात आहे, ना त्याच्या अर्धांगिनीत. म्हणून त्या खटाटोपात न पडता, टायर चढल्यावर पहिल्याच वळणावर पुढच्या चाकापाशी जो ‘खर्रर्र’ असा आवाज उठतो, त्याचा बंदोबस्त कसा करावा, एवढेच निरूपण येथे योजिले आहे. उदाहरणादाखल आमच्या साडूभाऊंची गाडी घेतली आहे. साडूभाऊ निफाड तालुक्यातले द्राक्षबागायतदार. गाडी डबल केबिनची. आणि तिचा नित्यक्रम बाग ते पिंपळगाव बसवंतची बाजारपेठ व तेथून परत बाग, असा निरुपद्रवी आहे. टायर मात्र असे, की पाहणाऱ्यास वाटावे, गृहस्थ लडाखहून आत्ताच उतरले.

प्रथम वादाचे स्वरूप ध्यानी घ्यावे. हा सारा कज्जा शेताच्या बांधासारखा आहे. चाकाने मडगार्डच्या हद्दीत पाय टाकला, एवढीच मूळ फिर्याद. चुलतभावाने वीतभर बांध कोरला म्हणून ज्या साडूभाऊंनी मोजणी खात्याचे उंबरे झिजविले, तेच साडूभाऊ या बाबतीत मात्र ‘घासून घासून जागा होईल आपोआप’ अशी उदार भूमिका घेतात, याचे नवल करावे तेवढे थोडे.

कलम पहिले, मोजणी. मूळ टायर २४५/७० आर १६ मापाचा. यातील पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरांत; दुसरा त्या रुंदीच्या शेकडा प्रमाणात टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची; आणि तिसरा रिमचा व्यास, इंचांत. साडूभाऊंनी चढविला २६५/७५ आर १६. हिशेब केला असता जुन्याचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर आणि नव्याचा ८०४ भरतो. म्हणजे आसापासून टायरची कड चहूबाजूंनी २७ मिलिमीटर पुढे सरकली, शिवाय रुंदीतही २० मिलिमीटरांची भर. हा हिशेब टायर घेण्यापूर्वी कागदावर मांडावयाचा असतो. दुकानदाराने ‘बसतंय शेठ, डोळे झाकून घ्या’ असे सांगितले आणि साडूभाऊंनी ते शब्दशः पाळले.

कलम दुसरे, पंचनामा. हे कलम सर्वांत महत्त्वाचे असून लोक नेमके तेच वगळतात व थेट ग्राइंडर हाती घेतात. टायरच्या कडांना खडू फासावा; गाडी सपाटीवर उभी करून तपासू नये, तर पुढचे एक चाक भक्कम उंचवट्यावर चढवावे, म्हणजे त्या बाजूचे सस्पेन्शन दबते; मग स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून गाडी हळू पुढे घ्यावी, आणि तशीच मागेही घ्यावी, कारण कित्येक चाके पुढे जाताना सज्जन असतात आणि रिव्हर्समध्ये घासतात. दुसऱ्या चाकाचीही अशीच तपासणी करावी. उजवीकडे वळताना उजव्या चाकाची मागली कड आत चेसिसकडे जाते व डाव्या चाकाची मागली कड बाहेर मडफ्लॅपकडे येते. तेव्हा आवाज ज्या बाजूने आला तेथेच दोषी आहे असे गृहीत न धरता, खाली वाकून खडू कोठे लागला ते डोळ्यांनी पाहावे. आमच्या साडूभाऊंचे पोट या कामी आडवे येते. त्यांनी मुलास पाठविले, मुलाने मोबाइलवर फोटो काढून आणला, आणि मग अर्धा तास तो फोटो उजव्या चाकाचा की डाव्या, यावर खल झाला.

एक गोष्ट येथे थट्टा बाजूला ठेवून सांगतो. प्लॅस्टिकच्या लायनरला टायर किंचित घासला तर काही आकाश कोसळत नाही; पण ब्रेकच्या रबरी पाइपला अथवा एबीएसच्या वायरीला तो स्पर्शही करीत असेल, तर गाडी तेथल्या तेथे उभी करावी.

कलम तिसरे, चिखल. निफाडची काळी माती लायनरच्या आत थापून बसली की न घासणारा टायरही घासू लागतो. आधी धुवा.

कलम चौथे, निवारण. लायनरला घासत असल्यास हीट गनने प्लॅस्टिक नरम करून मागे दाबावे, नाहीतर कड छाटावी. मडफ्लॅप थोडा मागे घ्यावा. चाकाच्या मागे पत्र्याची जोडकड उभी असल्यास हातोड्याने ती आडवी निजवावी आणि उघड्या पडलेल्या पत्र्यास प्रायमर व रंग न विसरता लावावा, अन्यथा पहिल्याच पावसाळ्यात तेथून गंज सुरू होईल. टायर आतल्या बाजूस, वरच्या आर्मला किंवा चेसिसला लागत असेल, तरच कमी ऑफसेटच्या रिमचा विचार करावा. त्याने चाक बाहेर सरकते, वळणातला त्याचा घेर वाढतो, आणि आतली तक्रार मिटून बाहेरची सुरू होते. ज्या गाड्यांना स्टेअरिंगचा स्टॉपर बोल्ट असतो, त्यांत वॉशर घालून चाकाचे वळणे थोडे आवरता येते. मात्र मग द्राक्षाच्या दोन ओळींच्या टोकाशी गाडी एका दमात वळत नाही.

साडूभाऊंनी यांपैकी काहीच पसंत न करता लिफ्ट किट घातले. गाडी उंच झाली. उभी असताना टायर व मडगार्ड यांमध्ये आता मांजर झोपेल एवढी जागा दिसते; परंतु खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दबले की चाक पूर्वीच्याच जागी वर येते, कारण त्याला अडविणारा रबरी गुटका होता तेवढ्याच उंचीचा राहिला. तो वाढवावा लागतो, आणि त्यानंतर व्हील अलाइनमेंटही करावी लागते. हे मी त्यांस सांगितले. ‘भाऊ, तुम्ही पुस्तकातलं बोलता,’ एवढेच उत्तर मिळाले.

कलम पाचवे, सरकार. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मालकास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. साडूभाऊंच्या मते हे कलम नाशिक शहराच्या हद्दीत लागू आहे.

कलम सहावे, मीटर. काटा ८० दाखवीत असता गाडी ८६ च्या आसपास धावत असते, आणि १०० किलोमीटर कापले तरी नोंद ९३ चीच होते. म्हणून ‘ॲव्हरेज पडलं’ या साडूभाऊंच्या नित्य विलापातील काही हिस्सा खरा व काही निव्वळ कागदी आहे.

कलम शेवटचे, स्टेपनी. मोठा टायर हौद्याखालच्या मूळ जागेत बसला नाही, तेव्हा तो वर हौद्यातच आडवा ठेवावा लागतो. त्यामुळे द्राक्षांचे क्रेट कमी मावतात, उरलेल्यांसाठी दुसरी खेप करावी लागते, आणि त्या खेपेला केबिनमध्ये चढता येत नाही म्हणून आमच्या मेहुणीबाईंनी प्लॅस्टिकचे एक स्टूल सीटखाली ठेवून दिले आहे.