आकडे सोड, माणूस बघ

न्यू जर्सीच्या एखाद्या गावात मराठी माणसांची दहा-बारा घरं जमली, की त्यांत एक काका निघतातच. ते कुणाचेच सख्खे काका नसतात. सत्तरच्या दशकात आलेले, पुलांच्या कामात नोकरी करून निवृत्त झालेले, डोक्यावर न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाची निळी टोपी. ही टोपी घालून ते सत्यनारायणालाही बसतात, आणि प्रसाद घेताना तेवढी काढतात. नव्यानं आलेल्या मराठी जोडप्याला ताजी मेथी कुठे मिळते, कुठला मेकॅनिक लुबाडत नाही आणि यांकीजच्या डॉन मॅटिंगलीला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये न घेणं हा केवढा अन्याय आहे, हे सगळं ते पहिल्या भेटीतच सांगून मोकळे होतात. मी मेथीचं दुकान तेवढं लिहून घेतलं होतं.

शनिवारी आम्ही काकांकडे सामना बघायला जमतो, पण काकांना चालू सामन्यात फारसा रस नाही. तो ते डुलक्या घेत बघतात. पण समालोचकाच्या तोंडून एखाद्या निवृत्त किंवा दिवंगत खेळाडूचं नाव निघालं, की खडबडून जागे होतात, टीव्हीचा आवाज बंद करतात आणि आमच्याकडे वळतात. मग त्या माणसाचं काही खरं नाही. मुलीकडची मंडळी स्थळाची चौकशी करतात तसं काका त्याचं सगळं काढतात: पितो का, जुगार खेळतो का, पहिल्या बायकोला का सोडलं, गुडघा कधी गेला, आणि गेला तो खेळताना की घराच्या जिन्यावरून पडून.

या चौकशीची दोन सूत्रं आहेत. पहिलं, ‘आकडे सोड, माणूस बघ.’ दुसरं, ‘माणूस सोड, आकडे बघ.’ कुठलं कधी लावायचं हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. मग लक्षात आलं, की अंगावरचा शर्ट बघून काका सूत्र निवडतात.

पीट रोझचंच घ्या. कारकिर्दीत ४,२५६ हिट्स. इतके आजवर कुणाच्याच नावावर नाहीत. पण सिनसिनाटी रेड्सचा व्यवस्थापक असताना तो बेसबॉलवर पैजा लावायचा, आणि १९८९ मध्ये त्याला खेळातून कायमचं बाहेर काढलं. त्यानं कबुली दिली ती २००४ मध्ये. “पंधरा वर्षं खोटं बोलला!” काका मांडीवर थाप मारतात. “आकडे सोड, माणूस बघ.” २०२४ मध्ये तो गेला आणि पुढच्या मे महिन्यात बंदी उठली, तेव्हा मी घाबरत घाबरत विषय काढला. “बंदी उठली म्हणजे खोट्याचं खरं झालं का रे?” मला वाटायचं, ही काकांची नीतिमत्ता. काकूंनी स्वयंपाकघरातून खुलासा केला: “शहात्तर साली त्या रेड्सनी यांच्या यांकीजना चारही मॅचमध्ये धुतलं होतं. हे तर तेव्हा अमेरिकेत आलेही नव्हते.”

ते वैर त्यांना घरासोबत भाड्यानं मिळालं. १९७७ मध्ये काका जर्सी सिटीत उतरले ते एका इटालियन घरमालकाच्या माडीवर. घरमालकाकडे टीव्ही होता, काकांकडे ओव्हरकोटसुद्धा नव्हता. त्या ऑक्टोबरमध्ये यांकीजच्या रेजी जॅक्सननं वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अजिंक्यपदाच्या लढतीच्या, शेवटच्या सामन्यात तीन पिचरांना तीन होमरन मारले, तेही प्रत्येकाच्या पहिल्याच चेंडूवर. मिरजेहून आलेल्या पंचविशीतल्या मुलाला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण घरमालकानं त्याला मिठी मारली आणि काका त्या दिवसापासून यांकीजचे झाले. टीमबरोबर टीमच्या जुन्या तक्रारीही आल्या.

त्यातली सर्वांत जुनी म्हणजे मिकी मँटलचा गुडघा. १९५१ ची वर्ल्ड सिरीज, यांकी स्टेडियम. विली मेजनं मारलेला चेंडू झेलायला एकोणीस वर्षांचा मँटल धावला, तेवढ्यात मधल्या जागेवरच्या जो डिमॅगिओनं ‘माझा’ म्हणून पुकारा केला. मँटल थबकला, त्याच्या बुटाचे खिळे पाणी निचरायच्या जाळीत अडकले आणि गुडघा कामातून गेला. एकूण तो अठरा मोसम खेळला, ५३६ होमरन मारले, पण त्यानंतर धड पायांनी म्हणून कधी खेळला नाही. काका हे असं सांगतात, की जाळीपासून दोन हातांवर ते स्वतः उभे होते. त्या दिवशी ते मिरजेत पाळण्यात होते. “डिमॅगिओ उशिरा ओरडला,” हा काकांचा निकाल. “आधी सांगायला काय झालं होतं?” आता डिमॅगिओही यांकीच, वर इटालियन. तेव्हा घरमालकासमोर हे मत काढायची सोय नव्हती. काकांनी ते घर बदलल्यावर जाहीर केलं.

मँटल पुढे दारूत बुडाला. इथे दुसरं सूत्र बाहेर येतं. “पायाच्या दुखण्यानं प्यायचा बिचारा. माणूस सोड, आकडे बघ.”

“माझ्या वडिलांचे दोन्ही गुडघे गेले होते,” काकू आतून. “ते ताक प्यायचे.”

काका ऐकू न आल्यासारखं करतात. १९९५ मध्ये मँटलचं यकृत बदललं, त्यानंतर तो पत्रकारांसमोर येऊन मुलांना म्हणाला की माझ्यासारखे होऊ नका, आणि साधारण महिन्याभरानं गेला. ही गोष्ट सांगताना काकांचा आवाज जड होतो. “एवढं तरी कोण बोलतं?” या प्रश्नाला मात्र काकूही उत्तर देत नाहीत.

सूत्रांचा वापर बेसबॉलपुरता राहिलेला नाही. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर बोलायला लागले, तेव्हा काकांनी त्यांनाही सांगितलं, “आकडे सोडा, माणूस बघा.” डॉक्टरांनी माणूस बघितला आणि तूप बंद केलं. गावसकरचा विषय निघाला तर दहा हजार धावांसाठी ‘आकडे बघ’, आणि १९७५ च्या विश्वचषकात साठ षटकं खेळून केलेल्या नाबाद ३६ धावांसाठी ‘माणूस बघ’. दोन्ही एकाच श्वासात.

दुखापतींचंही तसंच. काकांच्या लेखी दुखापत हे चारित्र्याचं प्रमाणपत्र आहे, फक्त ती खेळत असताना, अंगावर काढून मिळवलेली हवी. पैसे घेऊन बाकावर बसलेल्याची दुखापत ते मानत नाहीत. जेकोबी एल्सबरी २०१४ मध्ये बोस्टनहून यांकीजकडे आला, सात वर्षांचा आणि १५ कोटी ३० लाख डॉलरचा करार घेऊन. शेवटची दोन वर्षं तो एकही सामना खेळू शकला नाही. शरीरच साथ देईना त्यात त्याचा काय दोष, असं मी म्हणून पाहिलं. “दुखणं बोस्टनहून घेऊन आला होता,” काका म्हणाले.

बोस्टनचा संघ यांकीजचा जुना वैरी, म्हणून त्याच्यावर काकांचा असा राग. तिथल्या डेव्हिड ऑर्टिझचं नाव २००३ च्या उत्तेजक चाचणीत होतं अशी बातमी २००९ मध्ये आली. आपण जाणूनबुजून काही घेतलं नाही असं तो सांगत आला. २०२२ मध्ये तो पहिल्याच फेरीत हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि काका आठवडाभर जेवणात मीठ कमी आहे म्हणत होते. उलट यांकीजच्या अँडी पेटिटनं कोपर बरं व्हावं म्हणून २००२ मध्ये वाढीचं संप्रेरक टोचून घेतल्याचं स्वतःच मान्य केलं. त्यावर काका म्हणतात, “औषध म्हणून घेतलं. आणि कबूल केलं ना?” अॅलेक्स रॉड्रिग्ज उत्तेजकांपायी २०१४ चा अख्खा मोसम बाहेर बसला, तो यांकी असूनही काका त्याला आपला म्हणत नाहीत, “टेक्सासहून आलेला.” त्याच्या बॅटवर जिंकलेलं २००९ चं अजिंक्यपद मात्र टेक्सासला परत पाठवत नाहीत.

एवढं सगळं असून बिल बकनरवर काकांपुढे विनोद करायचा नाही. बकनर बोस्टनचा. १९८६ च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, दहावी इनिंग, समोर न्यूयॉर्क मेट्स. अगदी साधा, सरपटत आलेला चेंडू त्याच्या पायांमधून गेला आणि सामना गेला. पुढचा सामना हरून बोस्टननं सिरीजही घालवली. २,७१५ हिट्स मारलेला माणूस, पण जन्मभर लोकांनी त्याला त्या एका चेंडूवरून ओळखलं, शिव्या घातल्या. “त्याचे घोटे बघितले होतेस का?” काका विचारतात. “धड वाकता येत नव्हतं. शेवटच्या इनिंगला त्याच्या जागी दुसऱ्याला उतरवायचे नेहमी. त्या रात्री नाही उतरवलं. का नाही? मॅनेजरला विचार की!” पुलाचा नकाशा पंधरा जणांच्या हातांखालून गेलेला असतो आणि जाब सही करणाऱ्याला द्यावा लागतो, हे काकांनी नोकरीत पाहिलंय. २००८ मध्ये बोस्टननं बकनरला मोसमाच्या पहिल्या घरच्या सामन्याचा पहिला चेंडू टाकायला बोलावलं आणि सगळं मैदान उभं राहिलं. काका ते बघून रडले, असं काकू सांगतात. काका म्हणतात, सर्दी होती.

काकांची खरी पर्वणी जानेवारीत. बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार हॉल ऑफ फेमसाठी मत देतात, पंचाहत्तर टक्के मिळाले तर आत. नियमात कामगिरीबरोबर सचोटी, खिलाडूपणा आणि चारित्र्य बघा असं स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि काकांच्या मते ते कलम त्यांनाच विचारून घातलंय. निकाल साधारण संक्रांतीनंतरच्या आठवड्यात लागतो. म्हणजे वर काकूंचं हळदीकुंकू आणि खाली तळघरात आमचं मतदान. काका चिठ्ठ्या वाटतात, बुटाच्या खोक्याला फट पाडून ठेवतात. वरून पोरं तिळगुळाची ताटली घेऊन ‘गोड बोला’ म्हणत येतात, तेव्हा खाली दोन सुशिक्षित माणसं बॅरी बाँड्सच्या ७६२ होमरनवरून एकमेकांची लायकी काढत असतात. सिनसिनाटीत शिकलेले एक दंतवैद्य आहेत. ते दरवर्षी यादीत नसलेल्या पीट रोझचं नाव हातानं लिहितात, काका दरवर्षी ते मत बाद करतात, आणि दंतवैद्य दरवर्षी तिळगूळ न खाता निघून जातात. दातांमुळेही असेल.

काकांना सगळ्यात छळतो तो ‘एक’. २०२० मध्ये यांकीजच्या डेरेक जीटरला ३९७ पैकी ३९६ मतं पडली. २०२५ मध्ये इचिरोला ३९४ पैकी ३९३. तो एक कोण, हे काका अजून शोधताहेत. दोन्ही वेळचा एकच असावा अशी त्यांना शंका आहे, आणि तो बोस्टनचा असणार याबद्दल शंका नाही.

एकदा मी त्यांना पेचात पकडायचं ठरवलं. रॉबर्टो क्लेमेंटे, म्हटलं. पिट्सबर्गचा. बरोबर ३,००० हिट्स, आणि १९७२ च्या शेवटच्या दिवशी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान कोसळून गेला. माणूस बघू का आकडे? काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “दोन्ही बघ,” आणि उठून पाणी प्यायला गेले. भांडायला काहीच उरलं नाही, म्हणून नाराज दिसले.

राहता राहिला मॅटिंगली. हा काकांचा हळवा कोपरा, आणि आमच्या शनिवारांचा कर्दनकाळ. यांकीज १९८१ मध्ये वर्ल्ड सिरीज हरले आणि १९८२ मध्ये हा आला. चौदा मोसम तो फर्स्ट बेसवर उभा राहिला, १९८५ मध्ये आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, मग पाठ गेली. हाणायची ताकद गेली तरी सरासरी .३०७ वर राखून १९९५ मध्ये थांबला. १९९६ मध्ये यांकीज जिंकले. “पत्रिकाच तशी,” काका म्हणतात. पुढे प्रशिक्षक म्हणून परत आला, २००७ नंतर गेला, आणि २००९ मध्ये यांकीज पुन्हा जिंकले. काकांनी बर्फ उपसताना स्वतःची पाठ धरून घेतली तेव्हापासून ते तिला ‘मॅटिंगलीची पाठ’ म्हणतात, आणि तिच्या जिवावर गेली कित्येक वर्षं घरात काहीही उचलत नाहीत. “तो त्या पाठीनं खेळत राहिला,” काकू म्हणतात, “तुम्ही निदान वाण्याची पिशवी तरी उचला.”

२०२५ च्या ऑक्टोबरात मोठी पंचाईत झाली. टोरांटोनं यांकीजना घरी पाठवलं, आणि टोरांटोच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून बसला होता मॅटिंगली. काकांनी दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी टोपी तीच ठेवून टोरांटोला पाठिंबा जाहीर केला. वर्ल्ड सिरीज सातव्या सामन्यापर्यंत गेली, तो सामना अकराव्या इनिंगपर्यंत, आणि मध्यरात्र उलटल्यावर लॉस एंजेलिस डॉजर्स एका धावेनं जिंकले. डिसेंबरात जुन्या खेळाडूंचा विचार करणारी समिती बसली, तिनंही मॅटिंगलीला घेतलं नाही. पुढची संधी तीन वर्षांनी.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला बोलावलं. समितीला पत्र धाडायचं होतं, टायपिंग माझ्याकडे. सुरुवात ‘मी एक निवृत्त पूल-अभियंता’ अशी झाली. मी विचारलं, “काका, आकडे घालायचे का?”

“घाल. सरासरी घाल, २,१५३ हिट्स घाल. २००१ मध्ये अठ्ठावीसच टक्के मतं पडली होती ते नको घालूस.”

“आणि पाठ?”

काका उशी टेकवून नीट बसले. “पाठीला वेगळा परिच्छेद दे.”