जावाच्या कचेरीत शेरा कसा वाचावा

जावात लिहिलेला पहिला प्रोग्रॅम चालेना, तर काय करायचे याची एक परंपरा आपल्याकडे केव्हाच रूढ झाली आहे, आणि कोणत्याही मार्गदर्शिकेने तिला नमस्कार करूनच पुढे जावे. पहिला उपाय म्हणजे तोच प्रोग्रॅम, काहीही न बदलता, पुन्हा चालवणे. तेवढ्याने भागले नाही तर फाईल बंद करून उघडावी, मग संगणक बंद करून चालू करावा, मग शेजारच्याची चालणारी फाईल आपल्या फाईलशेजारी ठेवून दोन्हींकडे आळीपाळीने टक लावून पाहावे, आणि शेवटी अख्खी जावाच उपटून नव्याने बसवावी. या उपचारांत कष्ट आहेत, श्रद्धा आहे, डेटा पॅकचा खर्चही आहे. पडद्यावर उमटलेली ओळ वाचणे एवढे मात्र त्यांत कुठेच बसत नाही. कंपायलरला मूड नसतो. फाईल तीच आणि कंपायलर तोच असेल तर उत्तरही तेच येणार, दहाव्यांदा विचारले तरी. तेव्हा पहिल्या उपायाचा हाताला लागणारा फायदा म्हणजे बोटांचा व्यायाम, आणि तो आम्ही कमी लेखत नाही.

नवल याचे वाटते, की हीच माणसे तहसील कचेरीत असे वागत नाहीत. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज ‘त्रुटी’ असा शेरा मारून परत आला, तर तो तसाच घरी नेऊन, रात्रभर कपाटात ठेवून, सकाळी पुन्हा त्याच खिडकीवर कोणी देत नाही. आपण शेरा वाचतो. अक्षर लागत नसेल तर शिपायाकडून वाचून घेतो. रेशनकार्डावर ‘सुरेश’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘सुरेशकुमार’ असेल तर काय होते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. जावाही तेवढेच म्हणते: सार्वजनिक क्लासचे नाव आणि फाईलचे नाव एकच हवे, स्पेलिंगसकट, लहानमोठ्या अक्षरांसकट. जेम्स गॉस्लिंग आणि मंडळींनी 1991 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समध्ये ही भाषा घडवायला घेतली ती घरगुती उपकरणांसाठी, आणि 1995 मध्ये ती जगापुढे आली. सी भाषेत रांगेच्या बाहेरच्या जागी काही लिहिले तर भाषा स्वतःहून हरकत घेत नाही. नुकसान कधीतरी नंतर, भलत्याच ठिकाणी दिसते. जावाने प्रत्येक जागेची तपासणी करायची आणि गडबड दिसली की तिथेच अडवायचे असे ठरवले. म्हणजे नवशिक्या जिला कटकट म्हणतो, तीच या भाषेची मूळ सोय आहे. आमचे म्हणणे एवढेच: जी चूक बोलते ती निम्मी सुटलेली असते, भ्यावे ते मुक्या चुकीला. आणि प्रचलित उपचारपद्धती नेमके उलटे शिकवते.

शेरा वाचण्याआधी तो कोणत्या टेबलावरून आला हे पाहावे, कारण या कचेरीत टेबले तीन आहेत. ‘जावासी ही आज्ञा ओळखीची नाही’ असे विंडोज सांगते तेव्हा अर्ज आत गेलेलाच नसतो. तो दारावरचा शिपाई आहे. त्याला जावाचा पत्ता पाथमध्ये लिहून द्यावा लागतो. त्याच्याशी भांडताना आपला प्रोग्रॅम खोडूनखोडून बदलत बसणाऱ्यांची संख्या कमी नाही. दुसरे टेबल कंपायलरचे, म्हणजे छाननी कारकुनाचे. तो मजकूर तपासतो, हेतू नाही. तिसरे जेव्हीएमचे, तिथे प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालतो आणि चालता चालता पडतो. या साहेबांचीही नियमांची वही आहे. प्रोग्रॅम चालवताना क्लासच्या नावापुढे ‘डॉट क्लास’ जोडले की ते ‘मुख्य क्लास सापडत नाही’ म्हणतात, कारण टिंबाचा अर्थ त्यांच्या लेखी पॅकेज असा आहे, आणि ‘क्लास’ नावाचा क्लास तुम्ही कुठे लिहिला आहे? क्लास फाईलची आवृत्ती 61 आहे आणि चालते फक्त 52 पर्यंत, असा शेरा आला तर दोन्ही आकड्यांतून 44 वजा करावेत. 17 आणि 8 उरतात. जावा 17 ने तयार केलेला कागद जावा 8 च्या साहेबांपुढे ठेवला आहे, बाकी काही नाही.

इथे पहिली हरकत येते, आणि ती फुसकी नाही: शेरा खोटे बोलतो. कंपायलर 48 व्या ओळीवर बोट ठेवतो आणि 48 व्या ओळीत तर काहीच वावगे नसते. हे खरे आहे. सेमिकोलन राहिला असेल तर बोट बहुधा बरोबर जागी असते. पण महिरपी कंस बंद करायचा राहिला, तर कारकुनाला ते पुढची मेथड सुरू होईपर्यंत, नाहीतर फाईल संपेपर्यंत कळतच नाही. ‘वाचता वाचता फाईलच संपली’ अशा अर्थाचा शेरा तो मग शेवटच्या ओळीवर मारतो. हे खोटे बोलणे नव्हे. मांडवात पंगत बसल्यावर एक पान कमी असल्याचे कळते ते शेवटच्या माणसाला. चूक मोजणाऱ्याची असते. तेव्हा दाखवलेल्या ओळीपासून वर जात शोधावे. शिवाय एका सुटलेल्या कंसाने गोंधळलेला कारकून पुढच्या निर्दोष ओळींवरही शेरे मारत सुटतो. एका वेळी 100 एरर दाखवून थांबायचे, अशी त्याला मुळातच मर्यादा घालून ठेवली आहे. त्या लाल पुरातली पहिली एरर बहुतेकदा खरी असते आणि बाकीच्या तिची पिल्ले. पण पडदा आपोआप खाली सरकतो, पहिली एरर वर नजरेआड जाते आणि नवशिक्या शेवटच्या पिल्लाशी झुंजत बसतो.

दुसरी हरकत इंग्रजीची. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने हे शेरे वाचायचे कसे? या प्रश्नाचा आदर राखूनही सांगायला हवे, की ज्या समाजाने ‘उपरोक्त’, ‘परंतुक’ आणि ‘यथास्थिती’ पचवले, त्याला हे जड जाऊ नये. रोज भेटणारे शेरे डझनभराच्या आसपास आहेत आणि त्यांची भाषा आपल्या शासन निर्णयांपेक्षा पुष्कळ सोपी आहे. ‘कॅनॉट फाइंड सिम्बॉल’ याचा अर्थ, या नावाचे इथे कोणी राहत नाही. खालीच ते नाव आणि पत्ता छापलेला असतो. ‘स्ट्रिंग’चा पहिला एस लहान लिहिला आहे किंवा वर ‘टोटल’ ठेवले आणि खाली ‘टोटाल’ हाक मारली आहे, हे तिथे डोळ्यांना दिसते.

साहेबांच्या टेबलावरचे दोन शेरे विशेष प्रसिद्ध. पाच लांबीच्या ॲरेत पाच हा क्रमांक नाही, हा पहिला. कारण मोजणी शून्यापासून चारपर्यंत जाते. ज्या देशात तळमजल्याच्या वर गेल्यावर पहिला मजला लागतो, तिथे हे कोणाला का खटकावे हे कोडेच आहे. दुसरा नल पॉइंटर एक्सेप्शन: घराला नेमप्लेट आहे, बेल वाजवली, आत कोणी नाही. ही ‘नल’ची कल्पना टोनी होअर यांनी 1965 मध्ये अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी योजली आणि 2009 मध्ये एका भाषणात तिला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटले. त्यामुळे नल पॉइंटरवर अडलेल्याने खजील होऊ नये. प्रकरण फार वरपर्यंत गेलेले आहे. पूर्वी हा शेरा नुसता ओळ क्रमांक सांगायचा. 2020 पासूनच्या आवृत्त्या कोणते नाव रिकामे निघाले तेही सांगतात. त्याखाली ‘ॲट’ने सुरू होणाऱ्या ओळींची उतरंड असते. तिच्यात आपल्या फाईलचे नाव असलेली सर्वांत वरची ओळ शोधावी, आणि मध्ये ‘कॉज्ड बाय’ असेल तर त्यांतल्या शेवटच्यापासून सुरुवात करावी. बाकीची उतरंड दुसऱ्यांच्या घरची आहे.

आता मुक्या चुकांकडे यावे, कारण खरा संसार तिथे बुडतो. टक्केवारी काढायला 430 भागिले 500 गुणिले 100 असे पूर्णांकांत लिहिले, तर जावा आधी भागाकार करते, अपूर्णांक टाकून देते आणि शून्याला 100 ने गुणते. पैकीच्या पैकी मिळवणाऱ्याला 100 टक्के, बाकी झाडून सगळ्यांना शून्य. एकही लाल अक्षर नाही. ‘गुण 35 पेक्षा कमी असतील तर’ या अटीच्या कंसापुढे चुकून सेमिकोलन पडला, तर अट तिथेच संपते आणि खालचा ‘नापास’ सर्वांना लागू होतो. कारकुनाला हे दिसते, पण तो विचारल्याशिवाय बोलत नाही. एक्सलिंट हा पर्याय देऊन त्याला बोलते करावे लागते. दोन शब्द सारखे आहेत का, हे दोन बरोबरच्या चिन्हांनी विचारले, तर जावा मजकूर न पाहता दोघे एकाच घरात राहतात का ते पाहते. कोडमध्येच लिहिलेले समान शब्द ती एकाच घरात ठेवते, म्हणून सरावाच्या वेळी उत्तर बरोबर येते. परीक्षक कीबोर्डवरून तोच शब्द टंकतात आणि उत्तर चुकते. ‘इक्वल्स’ वापरावे. इंटिजर वस्तूंची त्याच दोन चिन्हांनी केलेली तुलना तर उणे 128 ते 127 पर्यंत मुकाट जमते आणि 128 ला बिघडते, कारण तेवढेच आकडे जावा हमखास तयार ठेवते. वय विचारणारा प्रोग्रॅम नाव विचारतो आणि उत्तराची वाटही न पाहता पुढे निघून जातो, तेव्हा तो उर्मट झालेला नसतो; आकड्यानंतर दाबलेले एंटर स्कॅनरकडे शिल्लक असते आणि त्यालाच तो नाव समजतो. मध्ये एक रिकामे ‘नेक्स्टलाइन’ टाकले की भागते. आणि ‘इंट’ची धाव 2,14,74,83,647 पर्यंत, त्यात एक मिळवला की आकडा उणे होतो, शांतपणे. हे नवशिक्यांपुरतेच आहे असे समजू नये. जावाच्या स्वतःच्या ग्रंथालयातला बायनरी सर्च दोन मोठ्या क्रमांकांची बेरीज करताना असाच घसरत होता. तो लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनीच 2006 मध्ये ते जाहीर केले. सुमारे नऊ वर्षे ती चूक तिथे होती आणि कोणाला हाक देत नव्हती.

एवढे पाहिल्यावर आमच्या मते सर्वांत घातक उपचार कोणता, हे वेगळे सांगायला नको. प्रोग्रॅमभोवती ‘ट्राय’ लावून ‘कॅच’चा कंस रिकामा ठेवणे. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री हा उपाय एका वहीतून दुसऱ्या वहीत फार वेगाने पसरतो. याने लाल अक्षरे खरोखर जातात. घरात धूर झाला म्हणून ओरडणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबावा, तसे. ज्या भाषेने बोलण्याचा वसा घेतला तिलाच मुकी करायचे, आणि मग उत्तर का येत नाही म्हणून पहिल्या उपायाकडे, म्हणजे पुन्हा चालवण्याकडे, वळायचे. काही ठिकाणी रिकामा कंस हवाच, असा युक्तिवाद अनुभवी लोक करतात. करोत. ज्याला आपली एरर कोणती हे अजून ओळखता येत नाही, त्याने ती गिळू नये. निदान छापून तरी पाहावी.

आता उरली ती आजची हरकत: हे सगळे एआयला विचारता येते, शेरा चिकटवला की तो उत्तर देतो. देतो, आणि बहुतेकदा चांगले देतो. पण तो पहिले काम काय करतो? शेरा वाचतो. म्हणजे वाचन टळलेले नाही, वाचणारा बदलला आहे. त्यालाही शेवटचे पिल्लू तेवढे दाखवले तर तो पिल्लाचीच कुंडली मांडतो, आणि टक्केवारी शून्य येते अशी तक्रार तर तुम्ही उत्तर पडताळून पाहिल्याशिवाय त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. दुसऱ्या भाषेत कागदपत्रे कमी लागतात, असेही कोणी म्हणेल. जावानेही ती कमी केली आहेत: 2018 च्या आवृत्ती 11 पासून एकच फाईल वेगळी कंपाइल न करता थेट चालवता येते, आणि 2025 च्या आवृत्ती 25 मध्ये छोट्या प्रोग्रॅमला क्लासचे वेष्टनही लिहावे लागत नाही. ‘स्ट्रिंग’चा एस मात्र अजून मोठाच लागतो.

तुमच्या समोरची काळी खिडकी या क्षणी बहुधा शेवटच्या ओळीवर थांबलेली असेल. वर सरका. आणखी वर.