आता सेसना घेतं कोण?

छोट्या पिस्टन विमानांचा धंदा सावरला, असं दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास ऐकू येतं. ‘गामा’ ही उत्पादकांची संघटना तेव्हा वर्षाचे आकडे जाहीर करते. २०२४ मध्ये जगभरात अशी साधारण १,७७० विमानं गिऱ्हाइकांकडे गेली, आधीच्या वर्षाहून पाचेक टक्के जास्त. पण १९७८ साली एकट्या अमेरिकेतल्या कारखान्यांतून अशी सुमारे १७,००० विमानं बाहेर पडली होती. धंद्याचे दहातले नऊ हिस्से बुडाले आणि उरलेल्या एकात पाच टक्के वाढ झाली, याला मी तरी तब्येत सुधारणं म्हणणार नाही.

त्या नऊ हिश्शांत सामान्य माणूस होता. कॅन्ससचा शेतकरी, गावातला दंतवैद्य, चौघांनी वर्गणी काढून एक विमान घेणारे मित्र. सेसना १७२ ही १९५६ साली बाजारात आली तेव्हा नऊ हजार डॉलरच्या आत मिळत होती. महागाई धरली तर आजचे लाखभर डॉलर. आजची नवी १७२ मात्र चार लाखांच्या पुढे गेली आहे. आसनं तीच चार, डोक्यावरचा पंख तोच. समोर घड्याळांच्या जागी पडदे आले, इंजिनात इंधन-इंजेक्शन आलं. तेवढ्यासाठी चौपट पैसे?

उत्पादक कोर्टकज्ज्यांकडे बोट दाखवतात. त्यात तथ्य आहे. तीस वर्षांचं जुनं विमान पडलं तरी खटला मूळ कंपनीवर व्हायचा, आणि त्याच्या विम्याचा बोजा नव्या विमानाच्या किमतीवर बसायचा. १९८६ मध्ये सेसनाने पिस्टन विमानं बनवणंच बंद केलं, १९९१ मध्ये पायपर ही दुसरी कंपनी दिवाळखोरीत गेली. मग १९९४ साली अमेरिकेने कायदा केला: विमान १८ वर्षांचं झालं की कंपनीची जबाबदारी बहुतेक बाबतींत संपली. सेसनाने दोन वर्षांत नवा कारखाना उघडला, पण १९७८ चं गिऱ्हाईक परत आलं नाही. येणार कसं? ॲल्युमिनियमचं विमान दर वर्षीच्या तपासणीत नीट राखलं तर पन्नास वर्षं उडतं. जुनी १७२ नव्या किमतीच्या पाव-तृतीयांशात मिळते आणि तितक्याच वेगाने जाते. कंपनीची स्पर्धा स्वतःच्याच जुन्या मालाशी आहे. विमानं कमी खपतात म्हणून विमानाला लागणाऱ्या सरकारी प्रमाणपत्राचा खर्च थोड्यांवर पडतो, त्याने किंमत वाढते, त्याने खप आणखी घटतो.

इंधनाकडेही पाहा. उड्डाणाआधी विद्यार्थी पंखाखालच्या झडपेतून पारदर्शक नळीत थोडं पेट्रोल काढतो आणि तळाशी पाणी साचलंय का, हे उजेडात धरून बघतो. ते पेट्रोल निळं असतं आणि त्यात आजही शिसं असतं. मोटारींच्या पेट्रोलमधून शिसं कधीच गेलं, इथे मात्र बिनशिशाच्या इंधनाला सगळीकडे पंप मिळालेले नाहीत. नवं गिऱ्हाईक हवं म्हणणाऱ्या धंद्याने हे इतकी वर्षं चालू ठेवावं, याचा मला राग येतो.

आता घेणारे मुख्यतः दोन. एक धनाढ्य, जो पॅराशूट बसवलेलं सिरस एसआर२२ दहा लाख डॉलरच्या घरात घेतो. ती अमेरिकी कंपनी २०११ पासून चिनी सरकारी मालकीची आहे. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे वैमानिक-प्रशिक्षण संस्था, आणि इथे प्रश्न आपल्या दारात येतो. अमरावतीजवळ बेलोऱ्याच्या अकादमीसाठी एअर इंडियाने ३४ विमानं मागवली: ३१ पायपरची, ३ डायमंडची. जेट इंधनावर चालणारी पिस्टन इंजिनं त्यांना आहेत, म्हणजे निळ्या पेट्रोलची कटकट नाही. निवड शहाणपणाची. पण प्रत्येक विमान डॉलर-युरोत आलेलं. भारतात व्यावसायिक परवान्याला २०० तास उडावं लागतं, आणि विमानाची किंमत, सुटे भाग, इंजिनाची दुरुस्ती हे सगळं त्या तासाच्या दरात शिरतं. ते फेडतं कोण? अकोल्या-धुळ्याच्या मुलांचे आईबाप, कर्ज काढून. विमान कंपन्यांनी भरती थांबवली की कर्ज आईबापांच्या डोक्यावर आणि विमानं हँगरमध्ये.

आपल्याकडे इलाज नाही असंही नाही. बंगळुरूच्या एनएएल या सरकारी प्रयोगशाळेचं दोन आसनी ‘हंसा’ १९९३ मध्ये पहिल्यांदा उडालं. त्याच्या नव्या रूपात रोटॅक्सचं इंजिन आहे, ते बिनशिशाच्या पेट्रोलवरही चालतं आणि १७२ पेक्षा बरंच कमी पितं. तीस वर्षांत ते देशातल्या फ्लाइंग क्लबांचं रोजचं विमान व्हायला हवं होतं, झालं नाही. कारण कारखाना उभा राहील एवढी मागणी कोणी एकगठ्ठा नोंदवलीच नाही. एकेका क्लबला ते झेपणारं नाही. म्हणून दोनशे विमानांची एकगठ्ठा मागणी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने नोंदवावी, आणि याच अर्थसंकल्पात नोंदवावी.