एकच ताट

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता पॉलाजवळ डोंगरात एक छोटं कॅथलिक कॉलेज आहे: थॉमस अक्वायनस कॉलेज, स्थापना १९७१. तिथल्या पदव्यांची यादी एका ओळीत संपते, लिबरल आर्ट्समधली बी. ए. मेजर नाही, मायनर नाही, ऐच्छिक विषय नाही. पहिल्या वर्षी सगळ्यांनी युक्लिड सोडवायचा, चौथ्या वर्षी सगळ्यांनी आइनस्टाइन. लॅटिनही कुणाला चुकत नाही. खानावळीत एकच ताट, आणि पानात काही टाकायचं नाही!

ग्राहकराजाच्या युगात ही दडपशाहीच, असं कुणी म्हणेल. पण शंभर पर्यायांतून निवडणारं अठरा वर्षांचं पोर बहुधा शेजारच्याचा फॉर्म बघूनच आपला भरतं. त्या स्वातंत्र्याचं फार कौतुक नको. दुसरा आक्षेप नोकरीचा. कंपनीला युक्लिड कशाला हवा? नकोच. मात्र ‘संवादकौशल्य’ तिला हवं असतं, आणि इथे वर्गात व्याख्यानाऐवजी टेबलाभोवती बसून चार वर्षं वादच घालायचा असतो. प्रवेशालाही नुसते गुण पुरत नाहीत, निबंध लिहावे लागतात. बिचाऱ्या कोचिंग क्लासवाल्यांनी खायचं काय?

खटकते ती ‘डॉन रॅग’ नावाची प्रथा. विद्यार्थ्याला समोर बसवून शिक्षक त्याच्याविषयी, तो तिथे नसल्यासारखं, आपसात बोलतात. आपल्याकडे हे काम लग्नकार्यात नातेवाईक करतात, आणि त्याची फी लागत नाही.